आठ मात्रांची जागा

दर रविवारी सकाळी आमच्या गच्चीवर बापू ड्रम बडवतो आणि मध्येच थांबतो. काठ्या हवेत, डोळे मिटलेले. मनात आठ मोजतो आणि पुन्हा धडाधडा सुरू! नाशिक रोडच्या आमच्या सोसायटीत नवा भाडेकरू आला की विचारतो, "काका विसरतात का हो?" मी म्हणतो, "विसरत नाही, हाच तर ताप आहे!"

त्या आठ मात्रा सुन्याच्या गिटारच्या. कॉलेजात दोघांनी 'बिघाड' नावाचा रॉक बँड काढला होता. केस खांद्यापर्यंत, गाणी सगळी प्राचार्यांच्या विरोधात. मी त्यांचे स्पीकर वाहायचो, म्हणून मलाही लोक बंडखोर समजत. गॅदरिंगला पोरांनी नाचून बाकं मोडली, तेव्हा तर आम्हाला आभाळ ठेंगणं झालं. काय दिवस होते राव!

बँडचा नियम एकच, बापूने केलेला: वरातीत वाजवायचं नाही. "तत्त्व म्हणजे तत्त्व!" पुढे सुन्याने सिन्नरची एक वरात परस्पर ठरवली. बापू भर रस्त्यात ड्रम उचलून एसटीने परत आला. ड्रमचंही तिकीट काढलं, पण वाजवलं नाही. बँड तिथेच संपला. पंचवीस वर्षं दोघांत अबोला.

परवा सुन्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली.

"मी नाही येणार. तिथे वरात असणार."

"अरे गाढवा, मुलगी आहे त्याची!"

"तत्त्व म्हणजे तत्त्व."

मी वैतागून एकटाच गेलो. कार्यालयाच्या दारात सुन्या वरातीची वाट बघत उभा होता. केस पार गेलेले, वर फेटा. त्याने माझ्या मागे पाहिलं. "बापू?" मी मान हलवली. त्याने उगाचच फेटा चाचपला. मला बापूचा असा राग आला म्हणता!

तेवढ्यात वरात आली. पुढे ढोलवाले, आणि त्यांच्यात घामाघूम होऊन ढोल बडवणारा बापू! पठ्ठ्याने नवरदेवाकडचे ढोलवाले आदल्या दिवशीच गाठले होते. दारापाशी त्याने हात वर केला, तसे सगळे ढोल गप्प. काठी हवेत, डोळे मिटलेले.

आठच मात्रा, आणि सुन्या आपला नुसता बघत उभा! मग मुलीच्या त्या बापाने, व्याह्यांच्या देखत, फेट्यासकट मान झटकली आणि तोंडानेच गिटार सुरू केली, "टॅण टॅणॅणॅ टॅऽऽण!"

बापूने डोळे उघडले नाहीत, पण त्यांतून पाणी गळत होतं. नवव्या मात्रेला ढोलावर टोला पडला, बरोब्बर.