जगनकाकांचे दगड

मी आज हे लिहायला जिवंत आहे तो जगनकाकांमुळे. नाव आधी सांगून टाकतो, कारण गोष्ट सांगायच्या भरात माणूस मागे राहतो. माझी शाळा सातवीत सुटली, त्यामुळे लिहिण्यात इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या.

तर जगनकाका रस्त्यावरचे दगड उचलतात. भरलेला दहा चाकी ट्रक हायवेच्या कडेला लावतात, खाली उतरतात, एक दगड दोन्ही हातांनी उचलून केबिनमध्ये ठेवतात आणि निघतात. मागचे हॉर्न मारून बेजार होतात, काका त्यांना हवालदारासारखा पंजा दाखवतात. दापोड्याला आम्ही ट्रक भरतो त्या गोडाउनच्या मागे त्या दगडांचा माझ्या छातीएवढा ढीग झालाय. एका ठेकेदाराने एकदा भाव विचारला. काका म्हणाले, "इकाया न्हाय ठेवले." मग कशाला ठेवलेत, हे त्यानेही विचारलं, आम्हीही विचारलं. काका तंबाखू मळत बसले.

हे दगड रस्त्यावर येतात ते आम्हा ड्रायव्हर लोकांच्या हातानेच. ट्रक वाटेत बंद पडला की मागून येणाऱ्याला कळावं म्हणून आम्ही मागे चार दगड लावतो, एखादी फांदी टाकतो. गाडी चालू झाली की घाई सुटते. काकांचं त्यावर ठरलेलं वाक्य आहे, "गाडी गेली, दगूड ऱ्हायला." दगडावरून ते अख्खी हकिगत सांगतात. ग्रीसचा डाग असला तर याने चाक खोललं होतं. चार दगड एका रेषेत असले तर ड्रायव्हर शिस्तीचा. एकच दगड असला तर याची बायको माहेराहून आलेली, घरी जायची घाई.

काकांना ट्रक चालवायची गरज नाही. दापोड्याचेच ते, भातशेती गोडाउनखाली गेली, महिन्याला भाडं येतं. मुलगा म्हणतो, घरी बसा. काका म्हणतात, बसून माणसाचं गोडाउन होतं. आम्ही बाहेरचे सगळे त्यांच्यासाठी गावांच्या नावाचे. एक जौनपूर, एक बस्ती आणि मी परभणी. जौनपूर त्यांना पत्थरचाचा म्हणतो, तेही तोंडावर.

मी मुळात घाबरट. हँडब्रेक लावला तरी खाली उतरून चाकाला हात लावून बघतो, पुन्हा चढतो, पुन्हा उतरतो. जौनपूर म्हणायचा, इसको ट्रक नहीं, झूला दे दो. हसले नाहीत ते एकटे काका. "परभणी, ती भीती सोडू नको. लायसन तर सगल्यांकडं हाय."

थंडीत इगतपुरीच्या पुढे धुकं असं बसतं की आपल्याच गाडीचा बंपर दिसत नाही. तेव्हा बहुतेक ड्रायव्हर पुढच्या गाडीचा लाल दिवा धरून चालतात. काका तसं कधीच करत नाहीत. तो लाल दिवा उभ्या गाडीचा असला तर, असं विचारतात. ते गाणी बंद करतात, दोन्ही काचा खाली घेतात आणि डोकं बाहेर काढून कानाने गाडी चालवतात. माकडटोपीवर दव साचून ते ढाब्यावर उतरतात, तेव्हा नुकतीच आंघोळ केल्यासारखे दिसतात.

गेल्या जानेवारीत आमच्या दोन गाड्या नाशिकला निघाल्या होत्या, काका पुढे, मी मागे. घाट चढून गेलो आणि सकाळी साडेसहाला माझ्या गाडीचा हवेचा पाइप फुटला. हवा गेली की ट्रकचे ब्रेक आपोआप आवळतात, गाडी तसूभर हलत नाही. मी भर रस्त्यात, चारी बाजूंनी पांढरं. काकांना फोन केला, गाडीमागे दहा पावलांवर पाच दगड लावले आणि दगड अन् गाडीच्या मधे मोबाइलचा दिवा हलवत उभा राहिलो. मला वाटलं, मी फार काळजी घेतली.

काका पुढे ढाब्यावर गाडी लावून कडेकडेने चालत आले. मला बघितलं आणि पहिल्यांदा त्यांनी मला शिवी दिली. मग कॉलर धरून रस्त्याकडेच्या कठड्यापलीकडे ढकललं, पार शेतात. "गाडी मालकाची हाय. तू कोनाचा हायस?"

काका कठड्याच्या बाहेरून मागे चालत गेले, पावलं मोठ्याने मोजत. दोनशेपर्यंतचे आकडे ऐकू आले, माणूस कधीच दिसेनासा झाला होता. तिथे त्यांनी आपल्या गाडीतून आणलेला चकाकणारा त्रिकोण लावला आणि आपला पिवळा रेनकोट कठड्याबाहेरून हलवायला लागले. तेवढ्यात टायर घासल्याचा लांबलचक आवाज आला. धुक्यातून एक ट्रक हळूहळू, जवळजवळ माणसाच्या चालीने बाहेर आला, माझे दगड ढकलत आला आणि माझ्या गाडीला टेकून थांबला. मी उभा होतो ती जागा दोन गाड्यांच्या मधे होती. आता तिथे जागाच नव्हती.

त्या ड्रायव्हरला खरचटलंही नाही. काकांनी त्याला आधीच जागं केलं नसतं तर तो वेगात आला असता. काका माझ्या गाडीच्या फुटलेल्या दिव्याकडे बघून म्हणाले, "बल्ब कोन देनार?"

मेकॅनिकने पाइप बदलेपर्यंत ऊन आलं. उशीर झालेला, म्हणून मी इंजिन चालू केलं. काका दाराशी उभे. "दगूड?"

मी उतरून चार उचलले. पाचवा सापडेना. मी चिडून म्हणालो, जाऊ द्या काका, एका दगडाने काय होतं.

काका शेतातल्या गवतात बघत राहिले. मग हळू सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच थंडीत पडघ्याच्या पुढे त्यांची गाडी बंद पडली होती. दगड लावले आणि निघताना तसेच सोडले. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर ऐकलं की तिथेच कुठेतरी एक दूधवाला पहाटे दगडाला धडकून मोटारसायकलवरून पडला.

"वाचला का?" मी विचारलं.

"म्हाईत न्हाय."

"तुमचेच दगड होते?"

"त्यो पन न्हाय म्हाईत." काकांनी टोपी काढून पिळली. "त्याचा गाव म्हाईत हाय. रोज त्या गावाच्या फाट्यावरून जातो. इचाराया पाय उतरत न्हाईत."

पाचवा दगड मीच शोधला. रस्त्याखालच्या मोरीत पडला होता.

काका अजून त्या फाट्यावरून जाताना खिडकीची काच का वर करतात, हे मला आता कळतं. मी त्यांना अजून काही बोललो नाही, कारण मी घाबरट आहे. पण एक दिवस त्या फाट्यावर माझी गाडी मी थांबवणार आहे. काकांना हाताला धरून उतरवणार, त्या दूधवाल्याच्या घरापर्यंत बरोबर चालत जाणार, आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही तर दारात मी विचारणार.