ऑस्मोची कोरडी भिंत

कुहमो गावात भिंतींबद्दल बोलायचा अधिकार एकट्या ऑस्मो केम्प्पाइनेनला होता. तो त्यानं स्वतःच स्वतःला दिला होता. दोन शनिवार आणि दोन रविवार तो 'घरातला ओलावा' या विषयाच्या वर्गाला जाऊन आला. तिथं एक प्रमाणपत्र आणि एक फुकट पेन्सिल मिळाली. तेव्हापासून हा गृहस्थ कुणाकडेही गेला, की आधी भिंतीवर टकटक करायचा आणि मग यजमानांची विचारपूस!

सप्टेंबरात त्यानं स्वतःच्या घरातल्या मागच्या खोलीची उत्तरेकडची भिंत आतून उघडली. जुना भराव काढून नवा लोकरीसारखा भराव कोंबला, त्यावर जाडजूड प्लास्टिक ताणून चिकटवलं आणि वरून फळ्या बसवल्या. काम खरोखर झकास झालं होतं. वाईट एवढंच, की ते त्याला कळलं होतं.

"आता या भिंतीत पाण्याचा एक थेंब शिरून दाखवावा!" तो बायकोला म्हणाला.

"थेंबाला दुसरी कामं असतील," हिल्क्का म्हणाली.

"अगं, घरातल्या गरम हवेत वाफ असते. ती भिंतीत घुसली आणि बाहेरच्या गारठ्याजवळ पोचली, की तिचं पाणी होतं. मग लाकूड कुजतं. घरं पावसानं मरत नाहीत हिल्क्का, आपल्या श्वासानं मरतात!"

"मग तू जरा गप्प बस. तेवढीच वाफ कमी."

नोव्हेंबरात हिल्क्काची आई, लेंपीबाई, राहायला आल्या. वय एक्याऐंशी, कमरेत वाक, जिभेत अजिबात नाही. त्यांचं स्वतःचं घर विकलं गेलं होतं. तिथून त्यांनी दोनच गोष्टी आणल्या होत्या : एक बॅग आणि दिवंगत नवऱ्याचं लंबकाचं घड्याळ. मागची खोली त्यांना मिळाली.

"जावईबापू, एवढा खिळा मारून द्या हो भिंतीला," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या.

ऑस्मो असा दचकला, जणू म्हातारीनं त्याच्याच छातीत खिळा मागितला!

"खिळा? या भिंतीत? आत प्लास्टिक आहे! त्याला भोक पडलं तर सगळं मुसळ केरात!"

"मग घड्याळ कुठं लावू? गळ्यात?"

घड्याळ खुर्चीवर बसलं. लंबकाचं घड्याळ खुर्चीवर चालत नाही, त्यामुळे ते सव्वाचारला जे थांबलं ते थांबलंच. लेंपीबाई रोज सकाळी त्याच्याकडे बघायच्या आणि मग जावयाकडे. दोघांकडे बघतानाची नजर सारखीच.

डिसेंबरात पारा उणे सत्तावीसवर उतरला. थंड हवा आत येऊ नये म्हणून ऑस्मोनं भिंतींतले हवेचे सगळे झरोके जुन्या मोज्यांनी बुजवले. आठवड्याभरात घराच्या खिडक्या रडायला लागल्या. काचांवरून ओघळ, चौकटीवर तळी, कपाटामागं काळी बुरशी. लेंपीबाईंची गोधडी तर अशी दमट, की पिळली असती तर कॉफीपुरतं पाणी निघालं असतं.

ऑस्मोनं ओलावा मोजायचं यंत्र आणलं. हिवाळ्यात जिथं तीस टक्के असायला हवं, तिथं आकडा बहात्तर!

"कुणीतरी वाफ करतंय," तो गंभीर आवाजात म्हणाला आणि त्यानं घरात कायदे केले. बटाटे उकडताना झाकण हवं. धुतलेले कपडे अंगणात वाळवायचे, तिथून ते पाच मिनिटांत फळीसारखे कडक होऊन परत यायचे. पाहुणे एका वेळी एकच, तोही कमी बोलणारा. (कुहमोत हा एक नियम कुणाला जाचला नाही.) शेवटी त्यानं गुरुवारचं वाटाण्याचं सूप बंद केलं.

"गुरुवारचं सूप?" हिल्क्काच्या हातातून डाव पडला. "युद्धातसुद्धा बंद नव्हतं रे ते!"

"ते चार तास उकळतं!"

"आणि तू चोवीस तास उकळतोस, त्याचं काय?"

एवढं करून आकडा पंचाहत्तरवर गेला. ऑस्मो यंत्र हातात घेऊन शिकारी कुत्र्यासारखा घरभर वास घेत फिरत असताना मागच्या खोलीतून आवाज आला. टिक. टिक. टिक. घड्याळ भिंतीवर होतं. खिळा चांगला बोटभर जाड होता.

"सापडलं!" ऑस्मो ओरडला. त्या ओरडण्यात दुःख कमी आणि आनंद जास्त होता. "सासूबाई, तुम्ही माझ्या भिंतीचा खून केलात!"

"भिंत जिवंत होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं," लेंपीबाई म्हणाल्या.

ऑस्मोनं त्याच दिवशी, सोमवारी, भिंत फोडली. फळ्या काढल्या, प्लास्टिक टरकावलं, भरावात हात घातला. आत सगळं खडखडीत कोरडं! खिळ्याभोवतीसुद्धा. दुसरा कुणी असता तर गपचूप फळ्या लावून मोकळा झाला असता. पण ऑस्मोकडे प्रमाणपत्र होतं. "पाणी लपलंय," तो म्हणाला, आणि ते बाहेर यावं म्हणून त्यानं भिंत तशीच उघडी ठेवली. लेंपीबाईंची रवानगी दिवाणखान्यातल्या सोफ्यावर झाली.

गुरुवारी भराव बाजूला करून पाहतो तर मागं, बाहेरच्या फळ्यांवर, पांढरंशुभ्र हिमाचं अस्तर! ऑस्मो अक्षरशः नाचला.

"बघा! बघा! एका खिळ्यानं काय केलं! आता नगरपालिकेच्या तपासनीस बाईंनाच बोलावतो. लेखी होऊन जाऊ दे."

लेंपीबाईंचा चेहरा एवढासा झाला. हिल्क्का मात्र भडकली. "ऑस्मो, माझी आई या वयात आता जाणार कुठं?"

"मी जायला सांगितलं का? मी फक्त भिंतीची बाजू मांडतोय."

म्हातारी सोफ्यावरून उठली. "होऊ द्या तपासणी. चूक ज्याची निघेल, त्यानं घर सोडायचं. बॅग मी आत्ताच भरून ठेवते."

ऑस्मोला हे जरा लागलं. पण शास्त्रापुढं नातं काय!

शुक्रवारी सकाळी तपासनीस ऐला तिक्कानेन आल्या. बुटांवरचा बर्फ झटकला, भिंतीपाशी उकिडव्या बसल्या आणि त्यांनी बोटानं हिम खरवडलं.

"भिंत कधी उघडली?"

"सोमवारी. तो बघा, तो खिळा..."

"सोमवारी हिम होतं?"

"नव्हतं. लपलं होतं!"

बाईंनी त्याच्याकडे डॉक्टर बघतात तसं बघितलं. "लपलं नव्हतं. सोमवारनंतर आलं. प्लास्टिक तुम्ही काढलंत आणि घरातली सगळी वाफ आत घुसली. खिळ्यानं प्लास्टिक घट्ट धरून ठेवलं होतं." मग त्यांनी झरोक्यातला एक मोजा दोन बोटांत उचलला. "हे काय?"

"थंडी..."

"घराचं नाक दाबलंत आणि विचारताय, गुदमरतंय का? पण तरी पंचाहत्तर म्हणजे फार होतं. तळघरात काय आहे?"

"काही नाही. लाकडं आहेत. बर्चची."

"वाळलेली?"

"छे, ऑक्टोबरात तोडलेली, ओली होती." ऑस्मोची मान ताठ झाली. "छतापर्यंत रचलीत मी! आणि काय सुंदर वाळताहेत म्हणून सांगू! एकेक ओंडका निम्मा हलका झालाय."

"हो का? मग त्यांतलं पाणी गेलं कुठं?"

  शेकडो लिटर पाणी ऑस्मोच्या डोळ्यांसमोरून जिना चढून वर आलं, खिडक्यांवर बसलं आणि म्हातारीच्या गोधडीत शिरलं. आणि तो बटाट्यांवर झाकणं ठेवत बसला होता!

बाईंनी कागद भरला. 'ओलाव्याचं मूळ' असा एक रकाना होता. त्यात त्यांनी एकच शब्द लिहिला : 'मालक'. मग म्हणाल्या, "लाकडं बाहेर काढा, झरोके मोकळे करा. भिंत आता पुरती सुकेपर्यंत बंद करायची नाही. दोन-तीन महिने जातील. तोवर त्या खोलीत कुणी झोपू नये."

बाई गेल्या.  'चुकलो' हा शब्द केम्प्पाइनेन घराण्यात तीन पिढ्यांत कुणी उच्चारला नव्हता, आणि ऑस्मोला तो कुठून सुरू करतात हेही माहीत नव्हतं. शेवटी त्यानं दाराशी ठेवलेली बॅग उचलली आणि निमूटपणे आत आणून सोफ्यापाशी ठेवली. डोळे खाली, कान लाल.

"राहा तुम्ही, सासूबाई," तो पुटपुटला. "बॅगेतलं सामान काढा."

"मी राहतेच आहे," लेंपीबाई म्हणाल्या. "हिल्क्काशेजारी, तुमच्या पलंगावर. पण ही आत कशाला आणलीत?"

"तुमची बॅग..."

"बॅग माझी. आतलं सामान बघा की!"

ऑस्मोनं बॅग उघडली. वर त्याच्या लोकरीच्या चड्ड्या होत्या, छान घडी घातलेल्या. त्याखाली दाढीचं सामान आणि अंगणापलीकडच्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, खोलीची किल्ली.

"म्हणजे... बाई यायच्या आधीच तुम्हांला माहीत होतं?"

"भिंतीतलं मला काय कळतंय? पण बावीस वर्षं जावई बघतेय."

ऑस्मोनं मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. हिल्क्का पाठमोरी उभी राहून वाटाणे निवडत होती. त्यानं बॅगेत आणखी खाली हात घातला. मोज्यांचे जोड लागले. एक, दोन, तीन... चौदा निघाले. मग तो खुर्चीवर बसला. चौदा जोड काही दोन दिवसांसाठी कुणी देत नाही.