आबासाहेब आणि गोष्टींतल्या सावत्र राण्या

पुस्तक हातात घेण्याआधी आबासाहेब एकच प्रश्न विचारायचे.

"यात कुणाला सावत्र आई आहे का?"

"नाही" म्हटलं की पुस्तक काखेत. "आहे" म्हटलं की आवाज उतरवून दुसरा प्रश्न, "कशी आहे?"

आता वाचनालयाच्या खिडकीशी बसलेल्या बाविशीतल्या माणसानं याला काय उत्तर द्यावं? मी म्हणायचो, "आबासाहेब, सावत्र आई जशी असते तशीच आहे." त्यावर ते माझ्याकडे असे बघायचे, जणू मी त्यांच्या घोड्याला भिजलेला चारा घातला आहे.

संस्थानच्या काळातली ही गोष्ट. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जयेंद्रगंजातल्या एका माडीवर आमचं छोटं मराठी वाचनालय होतं आणि मी त्याचा बिनपगारी चिटणीस होतो. आबासाहेब सरकारी पागेत कामाला होते. घोडे, चारा, नालबंद यांच्यात दिवस जायचा. अंगानं धिप्पाड, मिशा दोन्ही गालांवर पसरलेल्या, पणजोबा फौजेबरोबर दक्षिणेतून आलेले. असा माणूस लढायांच्या बखरी वाचेल असं कुणालाही वाटेल. पण नाही. आबासाहेबांना लागायच्या त्या जादूगारांच्या, राक्षसांच्या, पाताळातल्या राजकन्यांच्या कादंबऱ्या, नाहीतर नव्यानं सांगितलेल्या जुन्या परीकथा. आणि वाचून झालं की त्यावरचं मत. ते ऐकवल्याशिवाय पुस्तक परत करायचेच नाहीत.

उडता घोडा त्यांना मुळीच मान्य नव्हता. "पंख जिथून निघतात तिथेच तंगाचा पट्टा बांधायचा असतो, साहेब. मग खोगीर बसणार कुठे? लिहिणाऱ्यानं घोडा दुरून तरी बघितलाय का?" राक्षसाबद्दल मात्र आदर. "राक्षस शब्दाचा पक्का असतो. खाईन म्हणतो, खातो. राजाचं तसं नाही. अर्धं राज्य देईन म्हणतो आणि मग तीन अटी घालतो. ये भी कोई बात हुई?" राजकन्येच्या सौंदर्याचं वर्णन ते बोट लावून ओलांडायचे. "पान फुकट गेलं," एवढंच म्हणायचे.

इथवर मला सगळं समजायचं. गोंधळ पुढे होता.

एकदा त्यांनी एक कादंबरी टेबलावर आपटली. त्यातल्या सावत्र राणीनं मुलीला उपाशी ठेवलं होतं. "वाहियात किताब! पोरींच्या हाती द्यायच्या लायकीची नाही." मी दिलगिरी व्यक्त केली आणि मुद्दाम शोधून दुसरी दिली. हिच्यातली सावत्र आई साक्षात देवी होती. चौथ्या दिवशी तीही परत आली.

"आता हिच्यात काय झालं?"

"खोटी आहे. पोर दूध सांडते, लुगडं फाडते, आणि ही बाई एकदासुद्धा चिडत नाही? अशी बाई असते का कुठे? असली गोष्ट वाचून पोरगी घरच्या बाईकडे बघेल तर काय म्हणेल?"

"मग तुम्हाला पाहिजे तरी कशी?"

आबासाहेबांनी मिशीचं टोक चावलं. मग म्हणाले, "ते मलाच नीट कळत नाही, साहेब. पण ही नाही."

मी हे सगळ्यांना रंगवून सांगायचो. बाड्याच्या चौकात संध्याकाळी आमचा मित्रांचा घोळका जमायचा, तिथे माझी आबासाहेबांची नक्कल फार चालायची. "कशी आहे?" एवढं मी मिशी पिळत म्हटलं, की हशा.

त्यांच्या घरचं थोडंफार आम्हाला ठाऊक होतं. पहिली बायको बाळंतपणात गेली, मागे मुलगी राहिली, कुसुम. मग दुसरं लग्न झालं. कुसुम आता दहाबारा वर्षांची होती, चांगली वाचायची, आणि नव्या आईला 'मावशी' म्हणायची. या मावशीला अक्षरओळख नव्हती. दिवेलागणीला कुसुम तिला पुस्तक वाचून दाखवायची, आणि आबासाहेब जी पुस्तकं पारखून नेत ती यासाठीच. हे मला माहीत होतं. तरीही त्यातून काही अर्थ काढायची बुद्धी मला झाली नाही. कारण दुसरं एक मला त्याहून जास्त पक्कं माहीत होतं, किंवा तसं मला वाटत होतं.

लष्कर भागात सगळेच सांगायचे. प्लेगच्या साली आजाऱ्यांना गावाबाहेर माळावरच्या झोपड्यांत नेऊन ठेवत. कुसुम तेव्हा अगदी लहान होती, तिला ताप आला. नव्या नवरीनं पहाटे पोरीला खांद्यावर टाकलं आणि माळावर नेलं. गल्लीतल्या दोघीतिघींनी डोळ्यांनी बघितलं. त्यानंतर कितीतरी दिवस ती बाई घरी दिसलीच नाही. लोकांनी हिशेब जुळवला : पोरीला माळावर टाकून ही माहेरी निघून गेली. पोर आपल्या नशिबानं जगली. ही हकिकत कुसुमच्या आत्यानं कुसुमलाही ऐकवली होती. तेव्हापासून ती मावशीशी वाचण्यापुरतीच बोलायची, असं माझी बहीण सांगे. कुसुम आणि ती एका शाळेत होत्या.

त्या वर्षी गणेशोत्सवात वाचनालयाचा कार्यक्रम इंदरगंजातल्या एका दिवाणखान्यात होता. मी स्वतः लिहिलेली परीकथा वाचणार होतो. जुन्या गोष्टीला नवं रूप द्यायचं माझ्या मनात होतं. रूप काय दिलं, ते सांगायला आज लाज वाटते. माझा राजा घोड्यांचा शौकीन होता, मिशा पिळत "कशी आहे? कशी आहे?" असं विचारत हिंडायचा. आणि त्याची नवी राणी तापानं फणफणलेल्या राजकन्येला माळावरच्या राक्षसाच्या दारात ठेवून माहेरी निघून जायची.

मी वाचायला लागलो. पहिल्याच "कशी आहे?"ला लोक वळून आबासाहेबांकडे बघायला लागले. ते तिसऱ्या रांगेत बसले होते. हशा वाढत गेला तसा मलाही चेव चढला. उजवीकडे बायकांसाठी चिकाचा पडदा होता. त्यामागे कोण बसलं आहे याचा विचार माझ्या डोक्यात नव्हता.

राणी माळावरून माघारी फिरली, या वाक्याला आबासाहेब उठले.

"पुढचं चूक आहे."

लोक आणखी हसले. त्यांना वाटलं, आता उडत्या घोड्याची पाळी.

"राणी पोरीला माळावर घेऊन गेली, इतकं बरोबर," आबासाहेब म्हणाले. "अनवाणी गेली. पुढचं लिहिणाऱ्याला ठाऊक नाही. ती माघारी आलीच नाही. तिथेच राहिली, झोपडीत. पोरीचा ताप उतरेपर्यंत राहिली. शेजारच्या झोपड्यांतून रोज कुणाला ना कुणाला उचलून नेत होते, तरी राहिली. माहेरी गेली म्हणे! तिच्या माहेरच्यांनी तर दार लावून घेतलं होतं, प्लेग घेऊन येईल म्हणून."

कुणीतरी मागून ओरडलं, "और राजा कहाँ था, आबासाहेब?"

"राजा पागेत होता." त्यांचा मिशीला हात गेला, पण पिळली नाही. "राजा डरपोक होता. घोडे सोडून येता येत नाही म्हणून सांगितलं त्यानं. सकाळी माळाच्या कडेला दुधाचा लोटा ठेवायचा आणि पळून यायचा. पोर राजाची होती. राणीची नव्हती. तिच्या लग्नाला सहा महिनेसुद्धा झाले नव्हते."

दिवाणखान्यात काय चाललं आहे ते कुणालाच कळेना. अध्यक्ष न्यायखात्यातले वृद्ध गृहस्थ होते. त्यांनी घंटी वाजवली, मग आपण ती का वाजवली याचा विचार करत राहिले. दोघातिघांनी हा कार्यक्रमाचाच भाग समजून टाळ्या पिटल्या. पुढच्या पदासाठी बसलेल्या तबलजीनं ठेका धरला आणि शेजाऱ्यानं त्याचा हात दाबला. मी हातातल्या कागदाकडे बघत होतो. माझी गोष्ट अजून दोन पानं उरली होती.

"हे आजवर सांगितलं नाही," आबासाहेब आता चिकाकडे बघून बोलत होते, "कारण तिनंच शपथ घातली होती. पोरीला उपकार ऐकवायचे नाहीत म्हणाली. ऐकवलेत तर ती नमस्कार करेल, जवळ येणार नाही. मीही गप्प बसलो. मला सोयीचंच होतं ते. आज शपथ मोडली."

मग ते माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता मार बसणार.

"बाकी राक्षस तुमचा बरा उतरलाय, साहेब," ते म्हणाले आणि बाहेर गेले.

लष्करात ही हकिकत वेगळ्याच रूपात उरली. आबासाहेब भांग पिऊन आले होते, परीकथा ऐकता ऐकता डोकं फिरलं, सभा उधळली. ही आवृत्तीही माझीच. कुणी विचारलं की मी हसून हेच सांगायचो, कारण खरं सांगायचं तर माझी गोष्ट काय होती तेही सांगावं लागलं असतं. त्या दिवशी तिथे असलेली माणसं एकेक करून गेली आणि भांगेची गोष्ट तेवढी राहिली. परवा माझ्या एका नातवानं ती मलाच ऐकवली. म्हणून हे लिहितो आहे. आबासाहेब भांग पीत नसत. त्यांच्या बायकोनं पोरीला टाकलं नव्हतं.

त्यांना पुस्तकात नेमकं काय हवं होतं, ते मात्र मला अजूनही पुरतं कळलेलं नाही. चिडणारी पण सोडून न जाणारी सावत्र आई, असं आता वाटतं. तशी कादंबरी मी पुढे बरीच शोधली. मिळाली नाही.

त्या संध्याकाळी मी माफी मागायला त्यांच्या मागून धावलो. पण जिन्याच्या खालच्या पायरीवरच थबकलो, कारण बायकांच्या बाजूच्या दारातून त्यांच्या घरच्या दोघी बाहेर आल्या होत्या. वहाणांचा ढीग पडला होता. मावशी डोक्यावरचा पदर पुढे ओढून, मान खाली घालून उभी. कुसुम तिच्याकडे एकटक बघत होती.

"अनवाणी का गेलात?" तिनं विचारलं. आवाज रागावल्यासारखा होता.

"अगं, तू केवढी रडत होतीस," मावशी म्हणाली. "वहाणा शोधत कोण बसणार?"

कुसुम खाली वाकली, त्या ढिगात हात घालून दोन्ही वहाणा शोधून काढल्या आणि मावशीच्या पायांपुढे नीट जोडून ठेवल्या. मावशीनं पाय घालताना तोल जाऊ नये म्हणून तिच्या खांद्यावर हात ठेवला. वहाणा घालून झाल्या तरी तो हात तिथेच राहिला.

आबासाहेब रस्त्याच्या पलीकडे पाठमोरे उभे होते आणि शिंप्याच्या दुकानाची पाटी वाचत होते. पाटीवर दोनच शब्द होते.