मास्तरांची काही तक्रार नाही

परदेशी शिकवायला निघताना मास्तरांनी सुनेला ठणकावून सांगितलं होतं, "तिथं माझ्या तोंडून तक्रारीचा एक शब्द निघाला, तर नाव बदलीन." मुलानं मात्र महिन्याभरात परत येतील असा अंदाज बांधला, आणि त्याचंही चुकत नव्हतं. चौतीस वर्षांच्या संसारात मास्तरांनी भाजीतलं मीठ, चहातली साखर आणि सदऱ्याची इस्त्री, यांतलं काहीही नावं ठेवल्याशिवाय सोडलं नव्हतं. बायको जाऊन आता तीन वर्षं झाली होती. नोकरीही संपली होती. म्हणून वर्षभर विनामोबदला गणित शिकवायला ते निघाले होते, आणि पाहुणा कसा असावा हे जगाला दाखवून देणार होते.

शाळेनं त्यांची सोय एका सुताराकडे केली. दोन खोल्या, मागे पत्र्याची शेड, नळाला दिवसाआड पाणी, आंघोळीला एकच बादली. घरात माणसं तीन. सुतार, त्याची बायको आणि सुताराची आई, जिला सगळी गल्ली आजी म्हणायची. त्यांनी मागची खोली मास्तरांना दिली आणि स्वतः पुढच्या खोलीत पथाऱ्या टाकल्या. मागच्या खोलीत नवाकोरा पलंग होता. सुतारानं तो खास मास्तरांसाठी बनवला होता. माप मात्र त्यानं मनात धरलं होतं ते मागच्या वर्षी शाळेत आलेल्या पाहुण्या बाईंचं. बाई जेमतेम पाच फूट होत्या. मास्तर सहा फूट दोन इंच.

मास्तर पलंगावर आडवे झाले तेव्हा डोकं उशाकडच्या फळीला टेकलं आणि पाय पायथ्याच्या फळीला. ते कुशीवर वळले, गुडघे पोटाशी घेऊन पाहिले. शेवटी घोंगडी जमिनीवर अंथरून गाढ झोपले. सकाळी उठून पलंगावरची चादर नीट ताणून ठेवली. पलंग कसा आहे, असं सुतारानं विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, की असा पलंग जन्मात मिळाला नव्हता. ते काही खोटं नव्हतं म्हणा.

पण घरच्या बाईच्या नजरेतून असलं काही सुटत नाही. चादरीची घडी मोडत नाही, उशी दबत नाही. सुताराच्या बायकोनं चौथ्या दिवशी ओळखलं आणि नवऱ्याच्या कानावर घातलं. आता पाहुण्याला तोंडावर विचारायचं कसं? बिचाऱ्यानं खोट आपल्याच कामात शोधली. पलंग कुरकुरत असेल म्हणून सांधे पुन्हा ठोकले. टोचत असेल म्हणून कडा रंध्यानं तासल्या. बुटका वाटत असेल म्हणून खूर वाढवले. मास्तर रोज शाळेतून आले की तोंड भरून कौतुक करत आणि जमिनीवर झोपत. पलंग उंच झाला, देखणा झाला, लोण्यासारखा गुळगुळीत झाला. लांबी होती तेवढीच राहिली, कारण लांबीबद्दल कुणी ब्र काढला नव्हता.

पाचव्या आठवड्यात पुढच्या खोलीतलं जेवणाचं टेबल दिसेनासं झालं. चौघं जमिनीवर बसून जेवले. मास्तरांना भरून आलं. आपल्याकडच्या पंगतीबद्दल त्यांनी एकदा आजींना सांगितलं होतं. ते लक्षात ठेवून या माणसांनी आपल्यासाठी टेबलसुद्धा काढून टाकलं, असं त्यांनी रविवारी मुलाला फोनवर सांगितलं. जेवून उठताना आजींना भिंतीचा आधार घ्यावा लागत होता, ते त्यांनी पाहिलं होतं. त्यातही त्यांना मायाच दिसली.

आणि माया होतीच. शाळेत कितीही उशीर झाला तरी तिघं ताटं झाकून थांबलेले असत. बायको गेल्यापासून मास्तरांसाठी कुणाचं जेवण अडलं नव्हतं. काहीही झालं तरी वर्ष इथंच काढायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

सोमवारी मुख्याध्यापिकेनं त्यांना बोलावून घेतलं. येत्या शनिवारी त्यांना गावातल्या एका डॉक्टरांच्या बंगल्यात हलवायचं होतं. विनंती सुतारानंच केली होती.

मास्तरांनी लगेच विचारलं, "माझं काही चुकलं का?"

"तुमचं नाही. त्याचं चुकलं, असं तो म्हणतो." मुख्याध्यापिका म्हणाल्या. "त्याच्या हातचा पलंग तुम्हाला चालत नाही. वडिलांनी केलेलं टेबल मोडून त्याच्या फळ्या लावल्या, तरी तुम्ही जमिनीवरच झोपता. मला म्हणाला, आता माझ्याकडे मोडायला काही उरलं नाही."

मास्तर मधल्या सुट्टीतच घरी गेले. गादी उचलून पाहिली. खाली जुन्या, काळपट फळ्या होत्या आणि त्यांवर गरम भांड्यांचे गोल डाग. त्या डागांकडे बघवेना. ते तसेच शेडमध्ये गेले. आजी आणि सुताराची बायकोही तिथंच होत्या.

"पलंग आखूड आहे," मास्तर म्हणाले.

सुताराच्या हातातली पटाशी थांबली. "कितीनं?"

"मोजलं नाही." गणिताच्या मास्तरांना हे सांगताना लाज वाटली.

सुतारानं टेप घेतली, सगळ्यांना घेऊन मागच्या खोलीत आला, मास्तरांना पलंगावर निजवलं आणि मापलं. नऊ इंच.

"पहिल्याच दिवशी का नाही बोललात?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

सुतार खाली बसला. "पाच आठवडे मला वाटतंय, माझा हात गेला," तो म्हणाला. मास्तरांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी हात जोडले.

थोड्या वेळानं सुतार उठला, करवत आणली आणि पायथ्याची फळी कापून टाकली. पुढे एक स्टूल टेकवलं. वडिलांच्या फळ्या काढून त्या जागी साध्या ठोकायच्या आणि टेबल पुन्हा जोडायचं, हेही त्यानं तिथंच ठरवलं. मग बायकोकडे पाहून म्हणाला, की आणखी काही असेल तर आजच विचारून घे.

तिनं विचारलं. मास्तर आधी अडखळले, मग सुटले. चहा पांचट असतो. उशी दगडासारखी आहे. दार रात्रभर वाजतं. एवढं बोलून त्यांनी धास्तावून सगळ्यांकडे पाहिलं.

"झालं?" सुताराची बायको म्हणाली. "आता आमचं ऐका." आणि तिनं जो तोंडाचा पट्टा सोडला! पहाटे चारला उठून खाकरता. आंघोळ करताना पाढे म्हणता, तेही मोठ्यानं. ओले कपडे आमच्या अंथरुणावर ठिबकवता. भूक असून पुरे म्हणता आणि मग डब्यातली बिस्किटं खाता. आजी म्हणाल्या, माझ्या गुडघ्यांची पार वाट लावलीत.

मास्तर पलंगावर बसून, स्टुलावर पाय सोडून, मान खाली घालून ऐकत होते. तीन वर्षांत त्यांच्यावर कुणी असं तोंड टाकलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"अजून काही?" त्यांनी हळूच विचारलं.

"पुष्कळ आहे," ती म्हणाली. "नळाला पाणी आलंय. आधी बादल्या भरा, मग सांगते."