छपराची राहिलेली रजा

आमच्या घराचं छप्पर दर वर्षी अक्षय्य तृतीयेला खाली उतरतं आणि पंधरा दिवस अंगणात विश्रांती घेतं. तेवढे दिवस घरातलं कुणीतरी त्याच्या जागी वर जाऊन पडतं. आमच्या गावात सगळ्याच कौलारू घरांत असं आहे. याच पंधरवड्यात छपराची शाकारणी उरकायची असते. शेवाळ घासायचं, फुटकी कौलं बदलायची, वाशांना वाळवी लागली का बघायचं, पन्हळीतला पाला काढायचा. एवढं केलं की छप्पर तीन पिढ्या काढतं. सासरे होते तोवर ते वर जायचे, जाताना पंचा आणि पानाचा डबा न्यायचे.

सासरे गेले आणि काम यांच्याकडे आलं. पहिल्या वर्षी यांची पाठ धरली, दुसऱ्या वर्षी पुतणीचं लग्न निघालं, तिसऱ्या वर्षी कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. दर वेळी हे ओटीवर उभे राहून छपराला म्हणायचे, "पुढच्या वर्षी नक्की," आणि गळेल तिथं डांबर फासायचे. छप्पर बिचारं जुन्या वळणाचं, काही बोलायचं नाही. आम्हालाही तेच सोयीचं होतं, खोटं कशाला बोलू.

चौथ्या वर्षी ते उतरलं आणि म्हणालं, मागचे राहिलेले धरून साठ दिवस हवेत, नाहीतर मी चाललो. हे हसले, पण फार वेळ नाही. शेजारच्या खोतांचं छप्पर आदल्याच वर्षी असंच उठून गेलं होतं, आणि खोत अजून ताडपत्रीखाली जेवतात. आमच्याकडे सासूबाई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. त्यांच्या छातीला ओल सोसत नाही. साठ दिवस म्हणजे आषाढ लागला असता. यांची पाठ अजून धरलेलीच होती. घरात कुणाच्याच वाट्याचं नसलेलं काम जिच्याकडे जातं, तिच्याकडे हेही आलं.

ग्रामसेवक नाफडे बदली छपराचा अर्ज भरायला आले. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि वजन, लांबी लिहून घेतली.

"गळती?" त्यांनी विचारलं.

"डोळ्यांना होती," मी म्हटलं. "बरीच वर्षं झाली, थांबली."

"आधी कधी भार वाहिलाय?"

हे म्हणाले, तसा काही नाही. नाफड्यांनी एकदा घराकडे बघितलं आणि 'होय' लिहिलं.

पहिला आठवडा गुडघ्यांनी जीव नकोसा केला. मग सवय झाली. यांनी माझ्यावर आमसुलं वाळत घातली. खालून विचारणा व्हायची, हिंग कुठंय, आईची गोळी कुठली. मी वरून सांगायचे. हे ऐकून घ्यायचे आणि पुन्हा तेच विचारायचे. शेवटी कंटाळून अंगणातलं छप्परच उठलं. घासूनपुसून, वाशांना तेल लावून ते चांगलं टवटवीत झालं होतं. ते सासूबाईंना गोळ्या द्यायला लागलं. मग भात लावायला शिकलं. मी एवढी दमलेली होते की मला त्याचं नवलही वाटलं नाही.

मृग लागला, पुढे आर्द्राही कोसळून गेल्या. साठाव्या दिवशी छप्पर वर यायला निघालं, तेव्हा सासूबाई आतून म्हणाल्या, "वृंदा, इतक्या पावसाळ्यांत अंगावर थेंब नाही पडला, असं पहिल्यांदाच झालं गो."

नाफडे बदली संपल्याची नोंद करायला आले होते. मी त्यांना वरूनच विचारलं, वर्षाला पंधरा दिवसांची ही रजा मला मिळेल का? लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, मागची राहू दे, पुढची तरी. त्यांनी नियमांचं पुस्तक ओटीवर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. माणूस कामाला चोख आहे.

"वहिनी, ही तरतूद फक्त छपरांना आहे," ते म्हणाले. "घरातल्या बायकांसाठी काही दिसत नाही."

"मग मला छपरांतच राहू द्या."

त्यांनी छपराची संमती घेतली, अर्जावरचा 'बदली' शब्द खोडला आणि वर 'कायम' लिहिलं. यांना सही कुठं करायची ते दाखवलं. यांनी केली.

त्याला आता वर्ष होत आलं. छप्पर खाली घर सांभाळतं. आमटीला जरा धुराचा वास येतो म्हणे, पण सगळे जेवतात. सासूबाई कोरड्या आहेत. माझ्या पाठीवर शेवाळ धरलंय, डाव्या खांद्याशी एक चीर पडलीय, आणि फणसाची फांदी वाऱ्यानं सारखी घासते, ती छाटायला हवी. अक्षय्य तृतीया आठ दिवसांवर आली आहे.

काल हे ओटीवर येऊन उभे राहिले. बराच वेळ पाठ चोळत वर बघत होते.

"यंदा जमेलसं दिसत नाही," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी नक्की."

मी शेजारी नजर वळवली. इथून खोतांचं घर चांगलं दिसतं. त्यांनी अजून ताडपत्रीच ठेवली आहे.