इंजिनाचा खुराक

मुलांनो, समजा तुमच्या घरात एकच बल्ब आहे आणि आज तो पेटवायचा की नाही, यावरून रोज संध्याकाळी घरात भांडण होतं. पंचाहत्तर सालच्या आसपास मांडवगण फराट्याजवळच्या एका वस्तीवर अगदी असंच चालायचं. सरकारी तारा अजून आल्या नव्हत्या. बबनरावांच्या गिरणीचं जुनं डिझेल इंजिन दिवसा दळण दळायचं आणि संध्याकाळी तीस घरांना उजेड द्यायचं. दर सोपा होता. बल्ब पेटला, त्या दिवसाचे वीस पैसे. नाही पेटला, तर काही नाही.

बबनरावांची दहा वर्षांची मुलगी जाई रोज वस्तीभर फिरून पेटलेले बल्ब मोजायची. एकदा ती धापा टाकत परत आली.

"आबा, आज एकच!"

"एकच? बाकीची माणसं अंधारात बसली व्हय?"

"न्हाई, सर्जेरावमामाच्या घरात बसल्यात!"

खरंच, सर्जेरावांच्या बल्बखाली अख्खी वस्ती दाटली होती. अनसाबाई गहू निवडत होत्या, पोरं पाढे म्हणत होती, कोपऱ्यात कुणाची तरी दाढी चालली होती. इंजिन मात्र एका बल्बासाठीसुद्धा भसाभसा डिझेल पीत होतं.

जत्रेला सगळं उलटं. सगळे बल्ब पेटायचे, वर पाहुण्यांसाठी आणखी, वर भोंगा. इंजिन खोकायचं आणि लोक ओरडायचे, "बबनराव, मोठं इंजिन घ्या की!"

बबनराव दौंडला जाऊन मोठं इंजिन बघून आले. "घेतो. पण ते लागणार जत्रंला आन् दिवाळीला. त्या दिवशी बल्बाला पाच रुपये."

सरपंच हौसराव उसळले. "सणासुदीला लुटता व्हय? वीस पैशाच्या वर दमडी न्हाई. ठराव!"

"मग इंजिन बी न्हाई."

ठराव झाला. टाळ्या पडल्या.

पुढच्याच जत्रेला हौसरावांच्या मुलीला पाहायला खुटबावचे पाहुणे आले. मुलगी चहा घेऊन आली, हौसरावांनी मुलाच्या वडिलांना घालायला मानाची टोपी उचलली आणि इंजिन बंद पडलं. काळोखात धडपड, "अहो सरका," "कुणाचा पाय हाय ह्यो?" कंदील आला, तेव्हा मानाची टोपी दाराशी बांधलेल्या बोकडाच्या शिंगावर होती आणि मुलाचे वडील पोह्यांच्या परातीत बसले होते.

धोतर झटकत ते म्हणाले, "पोरीचं तोंडच दिसलं न्हाई. दिवाळीला येतो. उजेड असला तर सोयरीक, न्हाईतर राम राम."

सकाळी चावडीवर हौसराव बबनरावांवर गरजले. जाई पुढं झाली.

"सरपंचमामा, आपला चांगदेव पैलवान वर्षातनं गावासाठी किती कुस्त्या करतो?"

"जत्रंतली एक. का गं?"

"मग वस्ती त्याला रोज दूध का पाजती? कुस्तीच्या दिवशीच पाजावं."

"येडी का खुळी तू? एका दिसाच्या दुधावर पैलवान हुतो व्हय? वरीसभर पोसावा लागतो, तवा कुठं..." हौसराव बोलता बोलता थांबले. समोरच्या गिरणीतल्या इंजिनाकडे बघून त्यांनी डोकं खाजवलं.

ठराव बदलला. बल्ब पेटो न पेटो, प्रत्येक घरानं महिन्याला दोन रुपये इंजिनाचा खुराक द्यायचा, तोही पाच वर्षं. पेटलेल्या बल्बाचे डिझेलपुरते पाच पैसे वेगळे. कागदावर तीस अंगठे-सह्या झाल्या. त्या भरवशावर बबनरावांनी मोठं इंजिन आणलं. आता सगळे आपापल्या घरात बल्ब लावू लागले आणि सर्जेरावांना घर खायला उठलं.

दिवाळी आली. खुटबावचे पाहुणे, या खेपेला आधी हातानं चाचपून, सतरंजीवर बसले. इकडे गिरणीत बबनराव इंजिनाच्या हँडलला लोंबकळत होते. रोज चौघं मिळून फिरवायचे, पण आज थंडीनं ते जागचं हलेना. सर्जेराव लोंबकळले. हौसराव पळत आले आणि तेही लोंबकळले.

"बबनराव, माझ्या पोरीचं काय हुणार हो?"

तेवढ्यात दारात चांगदेव उभा राहिला, तोंड पाडून. "जाई, मी आन् हे इंजिन, असे दोन पैलवान पोसायला परवडत न्हाई म्हणून सरपंचांनी माझं दूध निम्मं केलं. तुझ्यामुळं!"

जाईनं त्याच्या दंडाकडे पाहिलं. मग तिनं सरपंचांना बाजूला सारलं, हँडल चांगदेवाच्या हातात दिलं आणि साऱ्या गिरणीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "पैलवान, हे रोज फिरवायचं किती दूध घ्याल?"