नवनाथशेठचा राग आणि मेलचा वेग

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. यंत्र कुठलंही असो, मी हात लावला की ते सुधारतं! हे मी नाही म्हणत, आमची मैना म्हणते. मैना म्हणजे माझी बायको. तिचे नेमके शब्द असे, की "तुम्ही हात लावला की ते पुन्हा कधी कुरकुर करत नाही." आमचा मिक्सर तेव्हापासून खरंच कुरकुरत नाही. फिरतही नाही, पण तो मुद्दा वेगळा!

सातपूरला नवनाथशेठच्या वर्कशॉपमध्ये मी चार महिन्यांपूर्वी डिस्पॅचला लागलो. आम्ही बुश बनवतो, म्हणजे मशिनच्या आत बसणाऱ्या छोट्या पितळी नळ्या. बावीस माणसं, सात मशिनं, सिन्नरची एकच मोठी कंपनी गिऱ्हाईक, आणि ऑफिसात मिळून सगळ्यांना एक कॉम्प्युटर.

त्या कॉम्प्युटरवरचा मेलचा प्रोग्रॅम म्हणजे काय सांगू! सकाळी चालू करायचा, चहा सांगायचा, चहा यायचा, पिऊन व्हायचा, कप परत जायचे, आणि मग इनबॉक्स दिसायचा. मेल पाठवला तर तो आउटबॉक्समध्ये जाऊन बसायचा, पंगतीत जागा धरून बसलेल्या पाहुण्यासारखा. उठायचं नावच नाही!

हे सगळं पत्रव्यवहाराचं खातं जुलेखाताईंकडे. एकोणीस वर्षं त्या इथं आहेत. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना म्हणालो, "ताई, करून देऊ का फास्ट?"

"नको."

"अहो, दोन तासांचं काम आहे!"

"खंडेराव, हळू आहे ते बरं आहे. प्रत्येक गोष्टीनं पळायलाच पाहिजे का?"

मी मनात म्हटलं, बिचाऱ्या कॉम्प्युटरला घाबरतात! आणि दुसऱ्याच आठवड्यात, गुरुवारी, ताई भाचीच्या मंगनीला मालेगावला गेल्या. मी बाह्या वर केल्या.

तेरा वर्षांचे जुने मेल वेगळ्या कप्प्यात हलवले. आपोआप चालू होणारी नको ती लटांबरं बंद केली. आणि मग खरा चोर सापडला! प्रत्येक मेलच्या खाली, शेठच्या सहीबरोबर, एक फोटो जात होता. खंडेनवमीचा. लेथ मशिनला झेंडूचा हार, पुढे नारळ, शेजारी फेटा बांधून नवनाथशेठ. फोटो एवढा दांडगा की झेंडूच्या पाकळ्या मोजाव्यात! दोन ओळींच्या मेललाही ही सगळी पूजा पाठीवर घेऊन निघावं लागायचं. जाणार कसा तो? मी फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा केला आणि स्वतःलाच एक मेल पाठवून बघितला. पापणी लवायच्या आत पोचला!

"खंडेराव, लय भारी काम केलंस!" शेठ म्हणाले. शेठ मूळचे सायखेड्याचे. चाळीस वर्षं शहरात काढली, पण बोली गावचीच. त्यांनी खूश होऊन मिसळ मागवली. मी तर्री दोनदा घेतली. ताई नव्हत्या म्हणून त्यांच्या वाटचा पापडही मीच खाल्ला.

शुक्रवारी अकरा वाजता सिन्नरहून टेम्पो परत आला. त्यात आमचेच पाचशे बुश! वर लाल चिठ्ठी, 'माप केसभर जास्त, नापास', आणि खाली परचेसच्या चैताली मॅडमची सही. महिन्यातली ही दुसरी वेळ.

शेठ चिठ्ठी वाचता वाचता कानापर्यंत लाल झाले. "केसभर? कोणाच्या केसाएवढं?" असं ओरडत ते कॉम्प्युटरपुढे बसले आणि दोन बोटांनी, खिळे ठोकावेत तसा, मेल ठोकू लागले. लिहून झाल्यावर आम्हाला मोठ्यानं वाचूनही दाखवला.

"मॅडम, आम्ही बैल नाही, की तुम्ही वळवाल तिकडे वळू. आजपासून तुमचं काम बंद. आणि तुमच्या परचेसमध्ये बुश आणि बांगडी यातला फरक कळणारं माणूस नेमा!"

"घ्या! पाठवला!" शेठ गरजले आणि ताडताड कोपऱ्यावरच्या टपरीवर चहाला निघून गेले.

मी हातातली चलनं टाकून उठलो. पण बाकी कुणाला काहीच वाटलं नाही! लेथवरच्या सहादूनं मानही वर केली नाही. जुलेखाताईंनी शांतपणे डबा बंद केला, चष्मा पुसला आणि त्या सावकाश येऊन कॉम्प्युटरपुढे बसल्या. आणि एकदम ताठ झाल्या.

"खंडेराव, आउटबॉक्स रिकामा का आहे?"

"असणारच!" मी छाती फुगवून म्हणालो. "दोन सेकंदात गेला, ताई!"

"गेला?"

"गेला!"

"गेला म्हणजे... सिन्नरला?"

"सिन्नरलाच! काल तुम्ही नव्हता ना, तेव्हा मी सगळं फास्ट केलं. तो फोटो होता ना खाली, भलामोठा..."

"या अल्लाह!" ताईंनी कपाळावर हात मारला. "तो फोटो मीच लावलाय, मीच मोठा केलाय! साहेबांना महिन्यातून दोनदा असा राग येतो. ते मेल लिहितात, चहाला जातात, चहाबरोबर राग उतरतो. तोवर मेल इथंच अडकलेला असतो आणि मी तो पुसते. नऊ वर्षं झाली! नाहीतर हे वर्कशॉप दोनशे वेळा बंद पडलं असतं!"

माझी तर्री घशाशी आली. कालची!

तेवढ्यात शेठ परतले. चेहरा निवलेला, हातात ताईंसाठी खारी. "जुलेखाताई," ते हळूच म्हणाले, "तो मेल... अडकला असंल ना, नेहमीसारखा?"

ताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"गेला, साहेब."

शेठ खुर्चीत बसले. खारी पिशवीसकट मांडीवर पडली. "आत्तापोत्तर कधी गेला नाय, आजच कसा गेला?" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सहादू मशिन बंद करून दारात आला. "शेठ, सिन्नरचं काम गेलं तर आमचं काय?"

"काय म्हंजी? पाच मशिनं बंद. सोमवारपासून तुम्ही घरी," शेठ म्हणाले. आवाज इतका बारीक, की मला त्यांचा रागच बरा वाटला. सहादूच्या पोरीचं लग्न पुढच्या महिन्यात होतं. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

मॅडम फोन उचलेनात. मग शेठनं मोटरसायकल काढली. "बस मागं!"

वाटेत द्वारकेच्या चौकात आम्ही वीस मिनिटं गर्दीत अडकलो. शेठ हँडल धरून माफीची तालीम करत होते. "मॅडम, चूक झाली. मॅडम, तोंडातून गेलं. मॅडम, एवढ्या वर्षांचा आपला संबंध..." शेजारच्या रिक्षावाल्यानं बराच वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, नुसतं बोलून भागत नाय. गजरा घेऊन जा!"

सिन्नरला पोचलो तेव्हा दोघंही धुळीनं पांढरे झालो होतो. चैताली मॅडम हसून म्हणाल्या, "या ना शेठ! अचानक? बसा. माझा मेल बघा ना, सकाळपासून नुसता गोल गोल फिरतोय. एक उघडेल तर शप्पथ!"

शेठनं टेबलाखालून माझी मांडी आवळली. मेल उघडलाच नव्हता! देव आहे हो, देव आहे! आता दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोलायचं आणि काहीतरी युक्ती काढायची. पण आनंदात शेठचं तोंड सुटलं.

"अवो मॅडम, मग हा आमचा खंडेराव कशाला हाय? आमचा मेल कालच फास्ट केला यानं! बंदुकीच्या गोळीवाणी सुटतो!"

शेवटच्या शब्दाला त्यांचं त्यांनाच कळलं. पण गोळी सुटली होती.

"खरंच? बघा ना प्लीज!" मॅडमनी खुर्ची सोडली. मी बसलो. एका नजरेत मला दुखणं दिसलं. तीच नको ती लटांबरं! पाच मिनिटांचं काम! बोटं नुसती शिवशिवत होती. एवढ्या मोठ्या कंपनीत, एवढ्या मॅडमपुढे, माझं नाव झालं असतं. पण मागे शेठचा श्वास ऐकू येत होता, आणि डोळ्यापुढे सहादू उभा होता.

"मॅडम," मी म्हणालो, "मला नाही जमणार."

हे वाक्य मी जन्मात उच्चारलं नव्हतं. मिक्सरच्या वेळीसुद्धा नाही!

"असू द्या हो," मॅडम म्हणाल्या. "तातडीचं मी मोबाईलवरच बघते."

आम्ही दोघं गार पडलो. मॅडमनी टेबलावरचा एक बुश उचलला आणि मनगटाशी धरून बघितला. "शेठ, ही बांगडी मला होत नाही हो. बुशच असावा बहुतेक."

शेठ हात जोडून उभे राहिले. "मॅडम, चुकलं माझं. बोलणं माझं, पण पोट बावीस माणसांचं हाय. त्यांच्यावर राग काढू नका."

"बसा, बसा. असले मेल मीही आमच्या साहेबांना रोज लिहिते. फक्त पाठवत नाही. बुश घासून माप बरोबर करा, काम चालू राहील. पण असा दुसरा मेल आला तर खरंच बंद. तुमच्याकडे असे मेल थांबवायची काही सोय नाही का?"

शेठनं माझ्याकडे बघितलं. "होती ना सोय. काल यानं दुरुस्त केली."

शनिवारी सकाळी हुकूम सुटला, प्रोग्रॅम पुन्हा स्लो कर! मी फोटो मोठा केला. जुने मेल परत आणले. बंद केलेली लटांबरं एकूण एक चालू केली. पण छे! मेल आपला सुसाट! आयुष्यात पहिल्यांदाच माझी दुरुस्ती टिकली होती.

शेवटी जुलेखाताईंनी तोडगा काढला. आता शेठचा प्रत्येक मेल आधी कागदावर छापून माझ्या हातात येतो. तो घेऊन मी वर्कशॉपला दोन फेऱ्या मारतो, टपरीवर जातो, शेठचा चहा होईपर्यंत थांबतो, आणि परत येऊन विचारतो, "साहेब, पाठवू?" "फाड तो!" असं उत्तर येतं. मी फाडतो.

थोडक्यात, आमच्या ऑफिसातली सगळ्यात स्लो वस्तू आता मी आहे. मैनाला मात्र एवढंच सांगितलंय, की शेठचा एकही मेल माझ्या परवानगीशिवाय जात नाही!